आडवा बोअर : कराड ते कोटगिरी, सहा दिवस

आप्पांनी एकतीस वर्षं बोअरवेलचा धंदा केला. कराड, पाटण, खटाव, माण एवढ्या टापूत त्यांच्या गाडीने पाडलेल्या प्रत्येक भोकाला त्यांच्या वहीत एक पान आहे. पानावर तीन रकाने : किती फुटांवर, कोणता दगड, पाणी किती. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, मध्येच गेरूचा पट्टा, पुन्हा काळा पाषाण. आमच्याकडे कितीही खाली गेलं तरी दगडाच्या रकान्यात फारसं वेगळं काही लिहावं लागत नाही.

मी शाळेत भूगोल शिकवते. कोयनेच्या भूकंपांचा अभ्यास करायला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडजवळ हजारमाचीला प्रयोगशाळा उभारली आहे. तिथं खोल विंधनातून काढलेले दगडाचे गाभे ठेवलेले असतात. कोयनेजवळच्या रासाटीच्या बोअरमध्ये ९३२ मीटर बेसाल्ट लागला आणि त्याच्या खाली एकदम करडा-गुलाबी, पट्ट्यापट्ट्यांचा दगड सुरू झाला. मध्ये गाळाचा थर नाही, काही नाही. वरचा दगड साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, खालचा पट्टिताश्म त्याच्या कितीतरी पट जुना. ही गोष्ट मी आप्पांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तीन हजार फुटांखालचा हा दगड वर कुठं उघडा दिसतो का गं?"

दिसतो. कोयनेखालचा तळखडक हा धारवाडच्या प्राचीन भूखंडाचाच बेसाल्टखाली झाकलेला भाग मानला जातो, आणि ते भूखंड कर्नाटकात बऱ्याच ठिकाणी उघडं आहे. दिवाळीची सुट्टी लागली तशी आम्ही दोघं निघालो.

दिवस पहिला : कराड ते धारवाड

कोल्हापूर, निपाणी, संकेश्वर. बेळगावपर्यंत घाटमाथ्याची सपाट डोकी दिसत राहतात, आणि बेळगावच्या आसपास बेसाल्टची किनार येते. कित्तूरकडे जाताना मातीचा रंग तांबडा झाला, टेकड्यांचा आकार बदलला. आप्पांनी काच खाली करून रस्त्याच्या कडेची दरड पाहिली आणि म्हणाले, "इथं गाडी लावली असती तर केसिंग जास्त लागलं असतं."

धारवाडला संध्याकाळी पोचलो. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाने १८८० च्या दशकात इथल्या खडकांना या गावाचं नाव दिलं, आणि आज जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत ते नाव आहे. पेढ्यांमुळे आपल्याला माहीत असलेलं गाव तिथं दुसऱ्याच कारणाने पोचलंय याचा मला फार आनंद होतो.

रात्री खोलीवर मी आप्पांना नकाशा दाखवला. धारवाडचं हे भूखंड उत्तर-दक्षिण कललेलं आहे. दक्षिणेची बाजू वर उचलली गेली आणि कोट्यवधी वर्षांच्या पावसापाण्याने तिच्यावरचं सगळं झिजून गेलं. उत्तरेला फारसं झिजलं नाही. त्यामुळे आज एकाच सपाटीवर उत्तरेत उथळ खडक दिसतात, दक्षिणेत खोलातले. आपण गाडीने दक्षिणेला जाऊ तसतसे खाली खाली जाणार.

आप्पांनी बोट नकाशावरून धारवाडपासून निलगिरीपर्यंत ओढलं. "म्हणजे हा आडवा बोअर आहे."

इतकी वर्षं मी मुलांना हे समजावताना फळ्यावर आकृत्या काढते. दोन शब्दांत सांगायचं मला कधी सुचलं नव्हतं.

दिवस दुसरा : धारवाड ते चित्रदुर्ग

हुबळी, हावेरी, दावणगिरी, सरळ महामार्ग. चित्रदुर्गच्या टेकड्यांवर पवनचक्क्या दिसू लागल्या. किल्ला मोठा आहे, बघण्यासारखा आहे, पण आम्ही जेवून आधी मरडीहळ्ळीला गेलो.

शहराच्या आग्नेयेला, ऐमंगलाच्या बाजूला हे छोटं गाव आहे. गावाजवळ एक बुटका उंचवटा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाची पाटी : राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक. आजूबाजूला शेतं, शेळ्या. जवळ जाईपर्यंत काही विशेष वाटत नाही. मग एकदम डोळ्यांना आकार कळतो. एकावर एक रचलेल्या उशा. काही खरोखर उशीएवढ्या, काही धान्याच्या पोत्याएवढ्या, एकमेकींत दबून बसलेल्या.

पाण्याखाली लाव्हा बाहेर पडला की त्याचा गोळा बाहेरून क्षणात थिजतो, आत रस तसाच असतो. कवच फुटतं, तिथून दुसरा गोळा बाहेर येतो, तोही थिजतो. मऊ असतानाच वरचा गोळा खालच्या दोघांच्या फटीत बसतो, म्हणून प्रत्येक उशीची पाठ गोल आणि पोटाला खाली शेपटीसारखं टोक. त्या टोकावरून वरची बाजू कुठली ते अडीचशे कोटी वर्षांनंतरही सांगता येतं. आप्पा गुडघ्यावर बसले. एका उशीच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. कड बोटभर रुंद, गडद, आतल्या भागापेक्षा बारीक पोताची. "हे आधी थंड झालं," ते म्हणाले. मी सांगायच्या आधीच त्यांना ते हाताला कळलं होतं.

पण मला दाखवायचा होता तो रंग. ताजा बेसाल्ट काळा असतो, हा हिरवट आहे. हा लाव्हा नंतर दहा-बारा किलोमीटर खोल गाडला गेला, चारेकशे अंशांपर्यंत तापला, आणि त्याच्यातली मूळ खनिजं पाणी पिऊन क्लोराइट, एपिडोट, ॲक्टिनोलाइट अशी हिरवी खनिजं झाली. दगड वितळला नाही, घन असतानाच आतून बदलला. यालाच रूपांतरण म्हणतात. खनिजं बदलली पण उशा राहिल्या. दगड कुठं जन्मला ते आकार सांगतो आणि नंतर तो कुठं जाऊन आला ते रंग सांगतो.

आता एक प्रश्न. समुद्रतळावर थिजलेला लाव्हा दहा किलोमीटर खाली गेला कसा? आज असं काही दिसलं की आपण लगेच म्हणतो, एक भूपट्ट दुसऱ्याखाली सरकला. हिमालय तसा झाला, अँडीज तसा झाला. पण अडीचशे-तीनशे कोटी वर्षांपूर्वी भूपट्ट होते का, सरकत होते का, हाच तर सगळा वाद आहे. आणि त्या वादात साक्षीला फक्त असे खडक आहेत, कारण त्या काळचा समुद्रतळ कुठंच उरलेला नाही.

आप्पांनी वही काढली. "अंदाजे पस्तीस-चाळीस हजार फूट. हिरवा पाषाण, उशांचा." पाण्याच्या रकान्यात त्यांनी लिहिलं : "समुद्र."

दिवस तिसरा : होळेनरसीपूर आणि गोरूर

हिरियूर, हुळियार, अरसीकेरे करत हासन जिल्ह्यात आलो. मुक्काम हासनला, आणि दुपारपासून अंधार पडेपर्यंत हेमावती नदीच्या काठाकाठाने भटकंती. माझ्या मते सगळ्या प्रवासातला हा दिवस सर्वांत मोलाचा.

गोरूरच्या धरणाजवळचा पट्टिताश्म १९८० मध्ये मोजला गेला तेव्हा त्याचं वय ३३० कोटी वर्षांच्या घरात आलं. होळेनरसीपूरच्या पट्ट्यातल्या गाळाच्या, पुढे रूपांतरित झालेल्या खडकांत झिरकॉनचे कण सापडले, त्यांतले काही ३५८ कोटी वर्षांचे. झिरकॉन म्हणजे वाळूच्या कणाएवढा स्फटिक, घडताना युरेनियम आत घेतो आणि शिसं जवळपास घेतच नाही. युरेनियमचं हळूहळू शिसं होत जातं, ते मोजलं की वय मिळतं. ज्या डोंगरातून तो कण निघाला तो डोंगर नाहीसा झाला, नंतरचा गाळही बदलून गेला, कण तेवढा राहिला.

पट्टिताश्मावर उभं राहिलं की पायाखाली करड्या आणि पांढऱ्या पट्ट्या, कुठं सरळ, कुठं शेवयांसारख्या गुंतलेल्या. मुळात हा ग्रॅनाइटच्या जातीचा, सोडियम जास्त असलेला दगड. तो बनायला पाणी मुरलेला बेसाल्ट खोलवर जाऊन थोडासा वितळावा लागतो. त्याच्या रसायनात एक खूण असते : काही जड दुर्मिळ मूलद्रव्यं त्यात फार कमी असतात, कारण ती खाली राहिलेल्या तामड्याने, म्हणजे गार्नेटने, धरून ठेवलेली असतात. तामडा दाबाखाली बनतो. म्हणजे आपण उभे आहोत त्याच्याही खाली, आपल्याला कधीच न दिसणाऱ्या जागी काय चाललं होतं, तेही या दगडात नोंदलेलं आहे.

नदीपासून थोडं दूर, एका शेताच्या बांधावर आम्हाला सुभाजा, म्हणजे पापुद्र्यांचा रूपांतरित दगड, दिसला. चमकदार, अभ्रकाने भरलेला. भिंगाखाली त्यात लाल तामडे, तपकिरी आखूड स्टॉरोलाइट, आणि एका ठिकाणी कायनाइटची निळसर पाती. हे तिघं एकत्र म्हणजे सहाशे अंशांच्या आसपास तापमान आणि डोक्यावर साधारण वीस किलोमीटरचा भार. मूळचा हा चिखल आहे. कुठल्यातरी पाण्याच्या तळाशी बसलेला चिखल.

आप्पांना इथं खडकांची मांडणी वेगळी वाटली, आणि ती वेगळीच आहे. नकाशावर पट्टिताश्माचे गोल-लंबगोल घुमट दिसतात आणि त्यांच्या मधल्या घळीत सुभाजा दाबून बसलेला. १९९० च्या दशकात फ्रेंच भूवैज्ञानिकांनी या भागातले दगड कुठल्या दिशेने ताणले गेलेत ते जागोजाग मोजलं. त्यांचं म्हणणं असं की घुमट खालून वर आले आणि मधले जड लाव्हे-गाळ त्यांच्यामध्ये खाली बुडाले. आडवी ढकलाढकल थोडी, उभी हालचाल जास्त.

"काहिलीतल्या रसासारखं," आप्पा म्हणाले. "हलकं वर, जड खाली."

नेमकं तेच. त्या काळी पृथ्वीचं प्रावरण आजच्यापेक्षा दीडशे ते अडीचशे अंशांनी अधिक तापलेलं होतं असा अंदाज आहे. याच भागातल्या जुन्या पट्ट्यांत कोमॅटिआइट नावाचा लाव्हा मिळतो. तो वाहायला सोळाशे अंशांच्या आसपास तापमान लागतं. आजचे ज्वालामुखी तेवढा तापलेला रस ओकत नाहीत. एवढ्या उष्ण पृथ्वीचं कवच मऊ असणार. ताठ फळीसारखा भूपट्ट तयार होऊन तो एका बाजूने खाली घसरायला कवच थंड आणि घट्ट लागतं. तसं नसेल तर वजनदार थर जागच्या जागी खाली बुडतो आणि हलका दगड फुगून वर येतो. आणि बेसाल्ट खाली नेऊन वितळवण्याचं कामही तेवढ्यावर होऊ शकतं, भूपट्टांची गरज लागत नाही. मला हे पटतं, निदान होळेनरसीपूरच्या जुन्या खडकांपुरतं. सगळ्यांना पटत नाही. काही अभ्यासक याच खडकांत प्राचीन बेटांच्या माळा पाहतात, आणि त्यांच्याकडेही रसायनाचा पुरावा आहे.

वही : "पासष्ट हजार फूट. चिखलाचा चमकणारा दगड, तामडा आहे." पाण्यापाशी ते थांबले. मी सांगितलं की अभ्रकात आणि स्टॉरोलाइटमध्ये थोडं पाणी अजून कोंडलेलं असतं. त्यांनी लिहिलं : "दगडाच्या आत."

दिवस चौथा : कब्बाळदुर्ग

म्हैसूरला सामान टाकून कनकपुऱ्याच्या दिशेने गेलो. कब्बाळदुर्ग म्हणजे एक उघडा, उंच दगडी डोंगर आणि पायथ्याला जुनी खाण. १९६० मध्ये सी. एस. पिचमुथु यांनी इथला दगड जगापुढे आणला.

खाणीच्या भिंतीवर करडा पट्टिताश्म आहे, कालसारखाच पट्ट्यांचा. आणि त्यावर मध्येच गडद, हिरवट-तपकिरी, तेलाचा डाग पडावा तसे ठिपके आणि शिरा. एका डागाजवळ आम्ही दोघांनी नाक लावलं म्हणा ना. पट्टिताश्माची पांढरी पट्टी डागात शिरते, आत पुसट होते, पण मोडत नाही, आणि पलीकडून परत बाहेर येते. डाग बाहेरून येऊन बसलेला नाही. तोच दगड जागच्या जागी दुसरा होत होता. हा दुसरा दगड म्हणजे चार्नोकाइट. कलकत्त्याच्या जॉब चार्नॉकच्या थडग्यावरची शिळा याच जातीची, मद्रासकडून नेलेली. टॉमस हॉलंड यांनी १८९३ मध्ये त्यावरून नाव दिलं.

कब्बाळला झालं ते असं. खालून कार्बन डायऑक्साइडने भरलेले द्रव भेगाभेगांतून वर आले. त्यांनी खनिजांमधलं पाणी हुसकावलं. पाणी गेल्यावर काळा अभ्रक आणि हॉर्नब्लेंड टिकेनात, त्यांच्या जागी पायरॉक्सीन हे कोरडं खनिज आलं. आणि काम अर्धवट असतानाच सगळं थांबलं. तो अर्धवटपणा आपल्यासमोर भिंतीवर आहे. हे द्रव नेमके कुठून आले यावर अजून चर्चा चालते.

खोली इथंही वीस किलोमीटरच्या आसपासच, पण तापमान साडेसातशे अंश. होळेनरसीपूरपेक्षा दीडशेने जास्त. जवळच रामनगरचा क्लोजपेट ग्रॅनाइट आहे. २५२ कोटी वर्षांपूर्वी तो रस होऊन या भागात घुसला तेव्हा सगळा परिसर भट्टी झाला असणार.

खोली आणि तापमान यांचं हे गुणोत्तरच सगळ्यांत महत्त्वाचं आहे. आज जिथं थंड समुद्रतळ झपाट्याने खाली ओढला जातो तिथं खोलीच्या मानाने दगड गारच राहतो, आणि निळा सुभाजा बनतो. लडाखमध्ये शेरगोळला तो मिळतो. धारवाडच्या अख्ख्या भूखंडात निळा सुभाजा नाही. जगातल्या कुठल्याच इतक्या जुन्या खडकांत नाही. यावरून काही जण म्हणतात की तेव्हा भूपट्ट खाली जातच नव्हते. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. त्या काळच्या समुद्रतळात मॅग्नेशियम इतकं होतं की तो गार राहून खाली गेला असता तरी निळं खनिज त्यात सहजी बनलं नसतं, असंही गणिताने दाखवलेलं आहे. दुसरीकडे मायकेल ब्राउन यांनी २००६ मध्ये जगभरच्या रूपांतरित खडकांच्या नोंदी मांडून दाखवलं की साधारण २५० ते २८० कोटी वर्षांच्या सुमारास दोन तऱ्हा वेगळ्या दिसू लागतात : एक खूप तापलेली, दुसरी त्या मानाने गार आणि जास्त दाबाची. एकाच काळात पृथ्वीवर गरम आणि गार अशा दोन जागा असणं हे भूपट्टांचं लक्षण आहे, असं त्यांचं म्हणणं.

"हा दगड बिट खाणार," आप्पा डागावर हात ठेवून म्हणाले. आणि वहीत : "पासष्ट हजार, पण गरम. तेलकट दगड. पाणी : निघून गेलं."

दिवस पाचवा : म्हैसूर ते कोटगिरी

नंजनगूड, गुंडलुपेट, बंदीपूर. जंगलात चितळं भरपूर, एक हत्ती लांबून. निलगिरीत शिरायला ई-पास लागतो, तो आधीच काढला होता. तेप्पकाडूच्या पुढे, मोयारच्या खोऱ्यापलीकडे निलगिरीची भिंत समोर आली तेव्हा आप्पांनी गाडी थांबवायला लावली. म्हैसूरचं पठार जिथं संपतं आणि भिंत जिथं सुरू होते तिथं कवचातला मोठा कातर पट्टा आहे. दोन भूखंड एकमेकांना घासून गेल्याची जागा. इथं होळेनरसीपूरसारखे गोल घुमट नाहीत, सगळं लांबट, एका दिशेला ओढलेलं.

उटीत थांबलो नाही. कोटगिरीला पोचेपर्यंत धुकं उतरलं होतं.

दिवस सहावा : कोडनाड

सकाळी चहाच्या मळ्यांमधून कोडनाडच्या टोकावर गेलो. वाटेत एका ताज्या वळणावर दरड कापलेली होती. गडद चार्नोकाइट, आणि त्यात मसुराएवढे लाल तामडे. ओल्या दगडावर ते डाळिंबाच्या दाण्यांसारखे चमकत होते. आप्पांनी पाण्याची बाटली ओतून आणखी एक फूटभर दगड धुतला.

तामडा हा दाबमापक आहे. तामडा, पायरॉक्सीन, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ शेजारी शेजारी असले की त्यांच्यात कॅल्शियम-ॲल्युमिनियमची वाटणी दाबाप्रमाणे ठरते, आणि लोह-मॅग्नेशियमची तापमानाप्रमाणे. प्रयोगशाळेत ती वाटणी मोजतात. निलगिरीचा डोंगरही कललेला निघाला : नैर्ऋत्येला दाब सहा-सात किलोबार, आणि ईशान्येला, म्हणजे आपण उभे आहोत या बाजूला, नऊ ते दहा. एका किलोबारला साधारण साडेतीन किलोमीटर धरा. या डाळिंबाच्या दाण्यांच्या डोक्यावर एकेकाळी एकतीस ते पस्तीस किलोमीटर दगड होता. तापमान सातशे ते साडेसातशे, म्हणजे कब्बाळइतकंच किंवा थोडं कमी, आणि खोली मात्र दीडपटीहून जास्त. वय साधारण २५० कोटी.

टोकावरून खाली मोयारची दरी, तिच्या तळाशी नदीचा बारीक दोरा आणि तेंगुमरहाडाची हिरवी शेतं. मी आप्पांना सांगितलं की आपल्या पायांखाली आजही चाळीस किलोमीटरच्या आसपास कवच शिल्लक आहे. वर तीस-पस्तीस होतं ते झिजलं, खाली चाळीस आहे. सगळं त्याच काळी एकावर एक असेल, तर ती जाडी सत्तरच्या पुढे जाते. एवढी जाडी आज तिबेटखाली आहे, आणि ती दोन भूखंडं एकमेकांवर चढल्याशिवाय होत नाही. अर्थात खालचा काही भाग नंतर खालून चिकटला असेल, ही शक्यता उरतेच. तरी काहिलीतला रस कितीही उकळला तरी त्याने एवढा ढीग रचला जाईल असं मला वाटत नाही. तिसऱ्या दिवशी पाहिलेले घुमट तीनशे कोटी वर्षांपलीकडच्या दगडांचे. आज पाहतोय तो ढीग अडीचशे कोटींचा. या दोन्हींच्या मधल्या पन्नासेक कोटी वर्षांत, इथं तरी, पृथ्वी उभी हलायची ती आडवी हलायला लागली असं मला वाटतं. दुसऱ्या भूखंडांवर हे लवकर झालं असेल किंवा उशिरा.

आप्पा कठड्याला टेकून वही लिहीत होते. "एक लाख दहा हजार फूट. तेलकट काळा, तामडा भरपूर." पाण्याच्या रकान्यात त्यांनी आडवी रेघ ओढली. कोरड्या गेलेल्या बोअरला ते नेहमी ओढायचे तशीच.

"आणि याच्या खाली चाळीस किलोमीटर?"

"हो, जवळपास."

त्यांनी रेघेखालची ओळ मोकळी सोडली, तारीख घातली आणि वही मिटली.